पेल्यावरचं जेरुसलेम

इ. स. १३२ ते १३५ या तीन-चार वर्षांत यहूदियाच्या डोंगराळ मुलखात बंडखोरांची एक टांकसाळ चालू होती. तिथे नवी चांदी ओतली जात नव्हती. बाजारात फिरणारी रोमन नाणी गोळा करायची आणि सम्राटाच्या चेहऱ्यावरच नवा ठसा हाणायचा, एवढंच काम. ठसा नीट बसला नाही, तर जुन्या मुद्रेची एखादी रेघ खालून डोकावत राहायची. अशी नाणी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. नव्या ठशावर एका बाजूला खजुराची झावळी आणि महाळुंग, म्हणजे मंडपाच्या सणाला हातात धरायच्या वस्तू. दुसऱ्या बाजूला चार खांबांची एक इमारत.

ती इमारत जेरुसलेमचं मंदिर. रोमन सैन्याने ते इ. स. ७० मध्ये जाळलं होतं. शिमोन बार कोखबाचं बंड सुरू झालं, तेव्हा मंदिर पडून बासष्ट वर्षं लोटली होती. बंडखोरांतल्या बहुतेकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलंही नसणार. तरीही स्वतःचं राज्य जाहीर करायची वेळ आली, तेव्हा नाण्यावर राजाचा चेहरा आला नाही, आलं ते नसलेलं मंदिर. पवित्र जागा आणि राष्ट्र या दोन गोष्टी त्या चांदीच्या तुकड्यावर एकजीव झाल्या होत्या.

बंड मोडलं. जेरुसलेमच्या जागी सम्राट हेड्रियनचं एलिया कापितोलिना नावाचं रोमन शहर उभं राहिलं आणि ज्यूंना तिथे येण्याची बंदी झाली. तेव्हापासून त्या दोन गोष्टींची फारकत झाली. पुढची सुमारे अठराशे वर्षं ज्यूंच्या उपासनेच्या वस्तूंवर पवित्र जागा दिसत राहिली ती दूरची, आणि राजचिन्ह दिसत राहिलं ते ज्याच्या राज्यात राहायचं त्या राजाचं. ही फारकत कशी सांभाळली गेली आणि विसाव्या शतकात ती कशी मिटली, हे त्या वस्तूंवरूनच वाचता येतं.

मंदिर गेल्यावर त्याची आठवण सर्वांत जास्त वाहिली ती सात फांद्यांच्या दीपवृक्षाने. एक किक्कार शुद्ध सोन्याचा तो दीपवृक्ष कसा घडवावा, याची तपशीलवार आज्ञा निर्गमाच्या पुस्तकात आहे. हास्मोनी घराण्याचा शेवटचा राजा मत्तथ्या अँटिगोनस याने इ. स. पूर्व ४० ते ३७ या काळात, हेरोद आणि रोम दारात उभे असताना, आपल्या छोट्या तांब्याच्या नाण्यावर तो उमटवला होता. पुढे त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र कोरलं ते मात्र विजेत्यांनी. रोममधल्या टायटसच्या कमानीवर, इ. स. ८१च्या सुमारास, रोमन शिपाई मंदिराची लूट खांद्यावर घेऊन मिरवणुकीने चाललेत आणि त्या लुटीत दीपवृक्ष उठून दिसतो.

ज्यू धर्मशास्त्राने मात्र इथे एक अट घातली. मंदिरातल्या वस्तूंची हुबेहूब प्रतिकृती वापरासाठी करायची नाही, असं तालमूद सांगतो. पाच, सहा किंवा आठ फांद्यांचा दिवा चालेल, सात फांद्यांचा नाही. चित्राला ही अट लागू केली गेली नाही. म्हणून सभास्थानांच्या जमिनींवर आणि रोमच्या भुयारी दफनस्थळांत सात फांद्या बिनधास्त रंगवलेल्या दिसतात. युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस गावात इ. स. २४४-४५ मध्ये रंगवलेल्या सभास्थानात तोराच्या, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राच्या, गुंडाळ्या ठेवायच्या कोनाड्यावर मध्यभागी मंदिराचं प्रवेशद्वार आहे, एका बाजूला दीपवृक्ष आणि दुसऱ्या बाजूला इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग. सहाव्या शतकातल्या बेथ अल्फाच्या सभास्थानाच्या फरशीवरही हीच सामग्री आहे. घरात पेटणाऱ्या हनुक्काच्या दिव्याला आठ ज्योती आणि त्या पेटवणारी नववी. मंदिराच्या पुनःशुद्धीचा सण साजरा करायचा, तोही मंदिराच्या दिव्याची नक्कल न करता. आठवण ठेवायची पण जागा भरून काढायची नाही, ही शिस्त या वस्तूंनी पुढे शतकानुशतकं पाळली.

मधल्या शतकांत मंदिर कसं दिसत होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चितारणाऱ्याला मात्र काहीतरी चितारावंच लागतं. चौदाव्या शतकातल्या ज्यू लग्नाच्या काही अंगठ्यांवर खड्याच्या जागी सोन्याची इवलीशी इमारत असते. ती नव्या संसाराचं घरही आहे आणि मंदिरही. फ्रान्समधल्या कोलमार गावात १८६३ मध्ये एका घराच्या भिंतीत अशी एक अंगठी इतर दागिन्यांसह सापडली. प्लेगच्या साथीत, १३४८-४९च्या सुमारास, ज्यूंवर विहिरी नासवल्याचा आळ घेऊन कत्तली झाल्या, तेव्हा कोणीतरी हा ऐवज लपवला आणि तो परत घ्यायला कोणी उरलं नाही.

पुढे मंदिराला एक ठरावीक चेहरा मिळाला, तो अनपेक्षित वाटेने. मंदिर जिथे होतं त्या टेकडीवर उमय्यद खलिफा अब्द अल-मलिकने इ. स. ६९१-९२ मध्ये घुमटाची अष्टकोनी वास्तू उभारली. तीच आजची कुब्बत अस-सख्रा, म्हणजे खडकावरचा घुमट. १०९९ मध्ये क्रुसेडर जेरुसलेममध्ये शिरले आणि त्यांनी या वास्तूला 'प्रभूचं मंदिर' आणि शेजारच्या अल-अक्सा मशिदीला 'शलमोनाचं मंदिर' म्हणायला सुरुवात केली. यात्रेकरूंनी ही नावं युरोपात नेली. १४८६ मध्ये माइंझला छापलेल्या ब्रायडेनबाखच्या यात्रावर्णनात एऱ्हार्ड रॉयविखने कोरलेलं जेरुसलेमचं भलंमोठं दृश्य आहे आणि त्यात मधोमध हा घुमट शलमोनाचं मंदिर म्हणून विराजमान आहे.

मुसलमान खलिफाने बांधलेली, ख्रिस्ती योद्ध्यांनी नाव दिलेली ही इमारत मग हिब्रू पुस्तकांवर आली. व्हेनिसचा ख्रिस्ती मुद्रक मार्को अंतोनिओ जुस्तिनियानी याने १५४५ ते १५५२ या काळात हिब्रू ग्रंथ छापले. त्याच्या छापखान्याचं बोधचिन्ह म्हणजे हाच घुमट, आणि त्याभोवती हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकातलं मंदिराच्या भावी वैभवाविषयीचं वचन. त्याने छापलेल्या तालमूदच्या मुखपृष्ठांवर ते झळकलं. १५५३ मध्ये रोम आणि व्हेनिसमध्ये पोपच्या राजवटीच्या हुकमाने तालमूदच्या प्रती जाळल्या गेल्या, पण चित्र टिकलं. १६०९ मध्ये व्हेनिसलाच छापलेल्या हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायच्या पोथीच्या, शेवटाकडे भविष्यातलं जेरुसलेम आहे आणि त्याच्या मधोमध पुन्हा घुमटाचं मंदिर.

नेदरलँड्समध्ये मात्र मंदिर ग्रंथांच्या आधारे शोधलं गेलं. तिथल्या याकोब यहूदा लिओन याने सतराव्या शतकाच्या मध्याला शलमोनाच्या मंदिराची लाकडी प्रतिकृती केली आणि १६४२ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली. लोक पैसे देऊन ती पाहायला येत. तो इतका गाजला की त्याला 'टेम्प्लो' हे टोपणनावच चिकटलं. १६९५च्या ॲमस्टरडॅम हग्गादात ताम्रपटावर कोरलेली चित्रं आहेत, पवित्र भूमीचा घडीचा नकाशा आहे आणि मंदिरही आहे. ती कोरणारा अब्राहाम बार याकोब ख्रिस्ती धर्म सोडून ज्यू झालेला. त्याने बरेच प्रसंग मेरियन या ख्रिस्ती कोरक्याच्या बायबल-चित्रांवरून बेतले.

या वस्तूंवर उसनवारी जागोजाग दिसते, पण तिची लाज कोणाला वाटलेली दिसत नाही. लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायच्या करारपत्रावर इटलीतले चितारी वरच्या बाजूला जेरुसलेम काढत, कारण १३७वं स्तोत्र आनंदाच्या क्षणीही त्या शहराला विसरू देत नाही. करार वधूवरांचा आणि त्यांच्या डोक्यावर कधीही न पाहिलेलं शहर.

आता दुसरं चिन्ह. तोराची गुंडाळी मखमलीच्या आवरणात ठेवतात आणि त्यावर साखळीने चांदीचा एक नक्षीदार पत्रा लटकवतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या मध्य युरोपातल्या अशा पत्र्यांवर बहुधा दोन खांब असतात. शलमोनाच्या मंदिरासमोर उभे असलेले याखीन आणि बवाज ते हेच, असं समजलं जातं. त्यांच्यामध्ये दहा आज्ञांच्या पाट्या, बाजूला यहूदाचे सिंह, वर मुकुट. आणि कित्येकदा त्या सगळ्यांच्या माथ्यावर दोन डोक्यांचा गरुड.

हा गरुड हाब्सबर्ग सम्राटांचा. १७७२च्या पोलंडच्या पहिल्या फाळणीत गॅलिशिया ऑस्ट्रियाकडे गेलं आणि तिथल्या लाखो ज्यूंचा राजा व्हिएन्नात बसू लागला. तोरावरच्या पत्र्यावर, तोराच्या पेटीच्या पडद्यावर, हनुक्काच्या दिव्यांवर गरुड बसला. इस्राएलाला देवाने गरुडाच्या पंखांवर वाहून आणलं, ही निर्गमातली प्रतिमा हाताशी होतीच, त्यामुळे तो धर्मबाह्य वाटला नाही. शिवाय दर शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात राज्यकर्त्यासाठी प्रार्थना म्हणायची परंपरा होती. गरुड म्हणजे तीच प्रार्थना चांदीत. एकाच पत्र्यावर खाली दूरचं मंदिर आणि वर जवळचं साम्राज्य. दोघांची गल्लत कोणी करत नव्हतं.

जर्मनीतल्या ज्यूंकडे याचं घरगुती रूप होतं. मुलाच्या सुंतेच्या वेळचं दुपटं कापून, तुकडे जोडून लांब पट्टी करायची, तिच्यावर बाळाचं नाव, जन्मतिथी आणि आशीर्वाद भरायचे किंवा रंगवायचे, आणि ती पट्टी तोरा बांधायला सभास्थानाला द्यायची. १८७१ नंतरच्या काही पट्ट्यांवर अक्षरांच्या मधून जर्मन साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल झेंडा फडकतो. यांतली काही कुटुंबं अमेरिकेला गेली, तेव्हा पट्टीवरचा झेंडा बदलला आणि आशीर्वाद तेच राहिले.

पवित्र जागा दूरचीच असली पाहिजे, असंही नव्हतं. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी आपली पवित्र जागा अलिबागजवळच ओळखली. खंडाळे गावातल्या खडकावरच्या खुणा म्हणजे एलियाहू हानाबीच्या रथाच्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं मांडून मलिद्याचा विधी करतात तो याच संदेष्ट्याच्या नावाने. अग्निरथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहूची तसबीर या समाजाच्या घरांत आणि सभास्थानांत जेरुसलेमच्या चित्राइतकीच आपली मानली जाते. १८७४ मध्ये पुण्याला हिब्रू आणि मराठीत छापलेल्या हग्गादात वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून बसल्या आहेत. इजिप्तमधून सुटकेची कथा जेरुसलेमकडे बघत सांगायची असते, पण सांगणारा कुठे बसलाय हे त्या चित्राने झाकलं नाही.

एकोणिसाव्या शतकात खुद्द जेरुसलेमनेच आपलं चित्र बनवायला घेतलं. जुन्या शहरात राहणारे धार्मिक ज्यू बरेचसे परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर जगत. देणगीदारांना काहीतरी पाठवायला हवं. आपल्याकडे काशीहून गंगेचा सीलबंद गडू यावा, तसं तिथून ऑलिव्हच्या लाकडाच्या डब्या, मृत समुद्राकाठच्या काळ्या दगडाचे पेले, भरतकामाची कापडं आणि छापील चित्रं जाऊ लागली. १८३०च्या दशकात बव्हेरियातून आलेल्या योसेफ श्वार्ट्झने मंदिराच्या टेकडीचं जे शिळाछाप चित्र प्रसिद्ध केलं, त्यावरून पुढे असंख्य नकला झाल्या. १८४१ मध्ये इस्राएल बाकने शहरातला पहिला हिब्रू छापखाना काढला आणि कामाला वेग आला.

या चित्रांची मांडणी जवळजवळ ठरलेली. खाली टेकडीच्या पश्चिमेच्या भिंतीचे मोठाले दगड, वर सुरूची झाडं, उजवीकडे-डावीकडे दोन घुमट. खडकावरच्या घुमटाखाली हिब्रूत 'मंदिराची जागा' असा मजकूर आणि अल-अक्साखाली 'शलमोनाची पाठशाळा'. कधी कळसावर चंद्रकोरसुद्धा असे. शब्बाथच्या भाकरीवर झाकायच्या कापडावर, द्राक्षरसाच्या पेल्यावर, वल्हांडणाच्या ताटात, पूर्वेच्या भिंतीवर लावायच्या तसबिरीत हेच दृश्य वॉर्सापासून बगदादपर्यंत पोचलं. मुसलमानांच्या वास्तूचा घुमट ज्यू घरात उपासनेच्या वस्तूवर आहे, हे कोणाला खटकत नव्हतं. हे हक्क सांगणारं चित्र नव्हतं. मंदिर होतं ते इथे, आणि आज तिथे जे उभं आहे ते असं दिसतं, एवढंच ते सांगत होतं.

हक्काची भाषा आली ती झायोनवादाबरोबर, म्हणजे ज्यूंना स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्या चळवळीबरोबर. १८९६च्या आपल्या पुस्तकात थिओडोर हर्झलने पांढऱ्या झेंड्यावर सात सोनेरी तारे सुचवले होते, सात तासांच्या कामाच्या दिवसासाठी. ते मागे पडलं. १८९७च्या बाझल काँग्रेससाठी झेंडा हवा होता, तेव्हा डेव्हिड वुल्फसनला प्रार्थनेची पांघरायची शाल आठवली. पांढरं कापड, निळे पट्टे आणि मध्ये सहा टोकांचा तारा. आजवर राष्ट्राची चिन्हं उपासनेच्या वस्तूवर येत होती. आता उपासनेची वस्तूच राष्ट्राचं चिन्ह झाली.

मग कारखाना उभा राहिला. शिल्पकार बोरिस शात्झने १९०६ मध्ये जेरुसलेममध्ये बसालेल ही कलाशाळा काढली. मोशेच्या निवासमंडपाची सोन्याचांदीची कामं करणाऱ्या बायबलमधल्या कारागिराचं हे नाव. शाळेत युरोपातून आलेले चित्रकार आराखडे काढत आणि येमेनहून आलेले ज्यू सोनार तारकाम करत. झेव राबानसारख्या कलाकारांनी हनुक्काच्या दिव्यांवर, पेल्यांवर, मसाल्याच्या डब्यांवर दाविदाचा बुरूज, राहेलची कबर, पश्चिमेची भिंत आणि त्यांच्या जोडीला नांगर धरणारा शेतकरी, संत्र्यांच्या फांद्या, उंट अशा प्रतिमा उतरवल्या. पवित्र स्थळं आणि नव्या वसाहती एकाच नक्षीत गुंफल्या गेल्या. शाळा पैशाअभावी १९२९ मध्ये बंद पडली. तिच्यासाठी निधी गोळा करत फिरताना शात्झ १९३२ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वारला. शाळा पुढे १९३५ मध्ये नव्या रूपात सुरू झाली. तोवर तिची नक्षी घरोघर गेली होती.

१९४८ मध्ये इस्राएलचं राज्य झालं आणि राजमुद्रा ठरवायची वेळ आली. स्पर्धेला १६४ जणांचे ४५० नमुने आले. लाटवियातून आलेल्या गाब्रिएल आणि मक्सिम शामिर या बंधूंचा नमुना पुढे निवडला गेला. त्यात आधुनिक वळणाचा दीपवृक्ष होता आणि हर्झलचे सात तारे होते. समितीने तारे काढायला लावले आणि दीपवृक्ष घ्यायला लावला तो टायटसच्या कमानीवरचा. बाजूला जखऱ्याच्या दृष्टान्तातल्या ऑलिव्हच्या फांद्या. १० फेब्रुवारी १९४९ रोजी ती मुद्रा स्वीकारली गेली. हेतू उघड होता: रोमने लूट म्हणून नेलेला दिवा राज्य परत आणत होतं.

सर्वांत नेमकी हरकत आली ती मुख्य रब्बी इसहाक हर्झोग यांच्याकडून. कमानीवरच्या दीपवृक्षाची बैठक दोन थरांची, अष्टकोनी आहे आणि तिच्यावर गरुड आणि सागरी राक्षसांच्या आकृती आहेत. परंपरा सांगते की मंदिराचा दीपवृक्ष तीन पायांवर उभा होता, आणि असल्या मूर्ती त्यावर असणं शक्य नाही. म्हणजे नव्या राज्याने आपल्या मंदिराचं चित्र घेतलं ते मूर्तिपूजक विजेत्याच्या हातून घडलेलं. हरकत बाजूला ठेवली गेली. मुद्रेवर कमानीचीच बैठक राहिली, आकृत्या मात्र धूसर करून.

वाद वरवर बैठकीचा होता, पण त्याखाली जुनी शिस्त मोडल्याची जाणीव होती. सात फांद्यांचा दिवा घरात करायचा नाही, कारण तो मंदिराचा. आता तो पासपोर्टवर आणि सरकारी कागदावर आला. दुकानांतल्या पेल्यांवर, शालीच्या पिशव्यांवर, हिरवट पितळेच्या हनुक्काच्या दिव्यांवर तो बैठकीसकट उमटू लागला. पन्नाशीच्या दशकातल्या काही दिव्यांवर दीपवृक्षाशेजारी बंदूक घेतलेला सैनिक उभा आहे. हनुक्का हा मूळचा तेलाच्या चमत्काराचा आणि मंदिर परत मिळवणाऱ्या मक्काबींच्या लढाईचा सण. या दिव्यांवर तेल मागे गेलं आणि लढाई पुढे आली.

१९४८ ते १९६७ जुनं शहर जॉर्डनकडे होतं आणि इस्राएली ज्यूंना भिंतीपाशी जाता येत नव्हतं. ७ जून १९६७ला इस्राएली सैन्य तिथे पोचलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत भिंतीसमोरचा मुघ्रबी मोहल्ला पाडून मोठं पटांगण केलं गेलं. चित्रही बदललं. अरुंद गल्ली, शाल पांघरलेल्या चार-दोन बायका आणि मागची झाडं गेली. समोरून पाहिलेली रुंद, उघडी भिंत आली. पूर्वी जोडीने येणारा घुमट बहुतेक नव्या वस्तूंवरून गळाला, आणि जिथे तो राहिला तिथे आता निरागस राहिला नाही. ज्या इमारतीने चारशे वर्षं ज्यू घरांत मंदिराची आठवण जागती ठेवली, ती आता दुसऱ्याची खूण झाली होती.

इस्राएलबाहेर मात्र जुनी रीत संपली नव्हती. जर्मनीत जन्मलेला मान्फ्रेड अँसन १९३९ मध्ये नाझींपासून निसटून ऑस्ट्रेलियाला गेला आणि १९६३ मध्ये अमेरिकेला. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेला १९८६ मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा त्याने हनुक्काचा दिवा घडवला. नऊ ज्योतींच्या जागी हातात मशाल घेतलेल्या नऊ स्वातंत्र्यदेवता आणि माथ्यावर अमेरिकेचा गरुड. प्रत्येक मूर्तीच्या बैठकीवर ज्यू इतिहासातला एकेक टप्पा कोरलेला, इजिप्तमधून निर्गमापासून १९४८च्या इस्राएल राज्यापर्यंत. २०१३ मध्ये व्हाइट हाऊसच्या हनुक्का समारंभात हा दिवा पेटवला गेला. गॅलिशियातल्या सोनाराला तो पाहताच ओळखता आला असता. पक्षी बदललाय, जागा तीच आहे.

इस्राएलबाहेरच्या आणि इस्राएलमधल्या या दोन परंपरांत फरक पडतो तो राज्याशी पटेनासं झालं की. हाब्सबर्गांचं साम्राज्य १९१८ मध्ये कोसळलं, तेव्हा चांदीच्या पत्र्यांवरचा गरुड निव्वळ नक्षी होऊन राहिला. त्याने तोराला धक्का लागला नाही, कारण तो तोराचा कधी नव्हताच. अँसनच्या दिव्यावरच्या देवताही उद्या काढल्या, तरी आठ ज्योती उरतात. राजमुद्रेवरचा दीपवृक्ष असा उतरवून ठेवता येत नाही. तो राज्याचाही आहे आणि निर्गमातल्या आज्ञेचाही. इस्राएलच्या सरकारशी वाद असलेला ज्यू माणूस, तेल अवीवमधला असो, न्यूयॉर्कमधला की ठाण्यातला, शब्बाथच्या रात्री पेला उचलतो तेव्हा त्याच्या हातात त्या सरकारची मुद्राही येते. आपल्या पेल्यावर मंदिर किती आणि राज्य किती, हे गरुडाच्या काळात त्याच्या पणजोबाला ठरवावं लागलं नव्हतं. त्याला ते ठरवावं लागतं.